हॅरीची स्वतःची चाल

"कला फक्त स्वातंत्र्यातच जन्माला येते, शेठ!" काचेच्या पलीकडून, कानांवर हेडफोन चढवून, हॅरी गावंड विलक्षण गांभीर्याने म्हणाला. त्या वेळी तो लघवीला जाण्याची परवानगी मागत होता.

"अंतरा झाला की जा," काचेच्या अलीकडून बेहेरेशेठ म्हणाले.

"अंतऱ्याला अजून चालच नाही."

"मग लाव. मी काय तुझा गळा धरलाय?"

स्टुडिओ ठाण्यातला, तासावर भाड्याने घेतलेला. आमचा तास संपत आला होता आणि पुढच्या तासाला एका दंतमंजनाच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग होतं. ती मंडळी बाहेरच्या बाकावर बसून आमच्याकडे दात काढून बघत होती.

बेहेरेशेठ म्हणजे 'झुळूक ऑडिओ' या कॅसेट कंपनीचे मालक. कॅसेटच्या धंद्यात येण्याआधी ते दारोदार मिक्सर विकायचे. मिक्सर चालू ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय त्यांच्या आवाजाला कायमची राहून गेली होती. कंपनीचं नाव झुळूक कसं काय, हे विचारायचं धाडस कोणी केलं नव्हतं. मी सबनीस, त्यांचा गीतकार. मराठी घेऊन एम.ए. झालो, मुक्तछंदावर प्रबंध लिहायला घेतला आणि पोटासाठी यमकं जुळवत बसलो.

हॅरीचं खरं नाव हर्षद. पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या खारवावे गावचा. चाली स्वतः लावायचा आणि स्वतःच गायचा. हॅरी हे नाव शेठनी ठेवलं, कारण कॅसेटच्या कव्हरावर 'हर्षद' या नावाला गॉगल शोभत नव्हता.

"शेठ, खरंच सहन होत नाही आता."

"तेच म्हणतोय मी. मला पण होत नाही. म्हण!"

हॅरीने डोळे मिटले. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून परत पहिल्यावर असा नाचत होता, मधेच गुडघे जुळवून थांबत होता, परत नाचत होता. ढोलकीवाल्याने त्या पायांकडे बघून मुकाट ठेका धरला. दात आवळून हॅरीने जे काही नाकातून काढलं, तो अंतरा झाला. शेवटची ओळ तर त्याने दरवाज्याकडे पळतापळताच म्हटली. हेडफोनची वायर मागे लोंबत होती.

ते गाणं म्हणजे 'रंजे गो, मीटर टाक'. त्यात रंजी रिक्षा चालवते की रिक्षात बसते, हे मला, म्हणजे ते लिहिणाऱ्याला, तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. लोकांनी विचारलंही नाही. त्या लग्नसराईत वसईपासून अलिबागपर्यंत रंजीशिवाय हळद लागली नाही. हॅरी रातोरात स्टार झाला. शेठनी एकही ग्रंथ न वाचता कलानिर्मितीचा सिद्धांत मांडला आणि स्टुडिओतल्या संडासाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

त्यानंतरची गाणी बरी चालली. रंजीसारखं एकही नाही. शेठचं म्हणणं, हॅरी घरूनच जाऊन येतो, त्यामुळे मेहनत कमी पडते.

शेठचा दुसरा सिद्धांत हळदीचा. आगरी-कोळ्यांच्या लग्नात आदल्या संध्याकाळची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. तिथे बेंजो पार्टी वाजते. बेंजोला शब्द नसतात, गायक नसतो, नुसती चाल. झुळूक ऑडिओचं कुठलंही गाणं बाजारात येण्याआधी शेठ गुपचूप एखाद्या हळदीत बेंजोवर वाजवून घ्यायचे आणि मंडपाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. पुरुषांकडे बघायचेच नाहीत. "पुरुष काय, जनरेटर चालू केला तरी नाचतात," असं ते म्हणत. त्यांचं लक्ष बसलेल्या बायकांकडे. बायका उठल्या तर गाणं पास. बायका बसून राहिल्या तर ती चाल तिथल्या तिथे मेली. या परीक्षेत माझ्या शब्दांचा प्रश्नच येत नसे. झुळूक ऑडिओत नापास व्हायची भीती नसलेला मी एकटाच.

ठिणगी पडली ती पार्ट टूवरून.

"रंजे गो, पार्ट टू!" शेठ ऑफिसात म्हणाले. समोर हॅरी, बाजूला मी, मधे बटाटेवड्यांची पुडी. "रंजीची रिक्षा आता गॅसवर चालते. सबनीस, लिहून घ्या."

"मी नाही करणार," हॅरी म्हणाला.

"काय नाही करणार? वडा?"

"पार्ट टू. रंजीला मी मानतच नाही शेठ. ते गाणं माझं नाहीच. ते माझ्याकडून काढून घेतलंय तुम्ही. लिंबातून काढतात तसं."

"मग? सरबत चांगलं झालं ना?"

"मला माझं गाणं करायचंय. माझ्या आतलं. कोणी ओरडायचं नाही, कोणी घड्याळ दाखवायचं नाही, आणि..." हॅरीने माझ्याकडे बघितलं, मग छातीत हवा भरली, "...आणि किल्ली माझ्याकडे राहील."

शेठनी वडा खाली ठेवला. मला वाटलं, आता मिक्सर सुरू होणार. पण शेठ हळू आवाजात बोलले, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

"दिलं. स्वातंत्र्य दिलं. कर्जतच्या पुढे माझ्या मेहुण्याचा बंगला रिकामा आहे. नदीला लागून. पावसाळाभर जाऊन राहा. सबनिसांना घेऊन जा. मी फोनसुद्धा करणार नाही. एक गाणं कर. तुझ्या आतलं, बाहेरचं, कुठलंही. पण परीक्षा होणार."

"हळदीची?"

"हळदीची. तुझ्याच गावात, तुझ्याच माणसांत. यापेक्षा काय देऊ? बायका उठल्या तर पुढचा अख्खा अल्बम तुझा, मी स्टुडिओत पाय ठेवणार नाही. नाही उठल्या, तर परत येऊन गुमान पार्ट टू. दर वर्षी एक. रंजी म्हातारी होईपर्यंत."

"मंजूर," हॅरी म्हणाला. त्याच्या आयुष्यातली पुढची सगळी वर्षं त्या बटाटेवड्यांच्या पुडीवर ठेवली होती आणि त्याला ते कळत होतं.

बंगला सुरेख होता. स्वातंत्र्य सुरुवातीला हॅरीने झोपून घालवलं. मग त्याने दाढी वाढवली. मग जाडाभरडा कुर्ता घेतला. रोज सकाळी तो नदीकडे बघायला जायचा. नदीचं त्याच्याकडे लक्ष नसावं. मीही मागे राहिलो नाही. इतक्या वर्षांनी यमकातून सुटलो होतो. व्हरांड्यात बसून 'मौनाच्या अलीकडे' अशी ओळ लिहिली आणि पलीकडे काय, याचा पाऊस थांबेपर्यंत विचार केला. पाऊस थांबत नव्हता.

चाल येत नव्हती.

"सर," एक दिवस हॅरी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "जरा ओरडा ना माझ्यावर."

"मी? काय ओरडू?"

"काहीही. शेठसारखं."

मी घसा साफ केला. "हर्षद, मला वाटतं... आता जरा उशीर होतो आहे."

त्याने हात जोडले. "राहू द्या सर," म्हणाला आणि नदीकडे गेला.

बिचाऱ्याने सगळे उपाय केले. उपास केला, खूप खाल्लं, जागला, झोपला. एकदा तर मी त्याला व्हरांड्यात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचताना पकडला. माझ्याकडे बघून ओशाळला. "नुसतं बघत होतो सर," म्हणाला. संडास मागेच होता, दार सताड उघडं होतं, आणि किल्ली त्याने जानव्यासारखी गळ्यात घातली होती.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ती आली. सकाळची वेळ. हॅरी न्हाणीघरात होता. बंबातलं कढत पाणी घंगाळात घेऊन तांब्यातांब्याने अंगावर ओतत होता आणि मला आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. संथ चाल. पायरी उतरल्यासारखी खाली यायची, शेवटच्या पायरीवर जरा थांबायची, आणि मग पाणी सोडल्यासारखी सरळ वाहत जायची. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, रंजी लिहिताना तो कधी आला नव्हता.

दार धाडकन उघडलं. टॉवेल गुंडाळून, साबणासकट हॅरी बाहेर. डोळ्यांत पाणी, आणि ते बंबाचं नव्हतं.

"सर! आली! माझी आली!"

"ऐकली मी हर्षद. ही... ही फार मोठी गोष्ट आहे."

"कोणी ओरडलं नाही सर. कोणी मागितली नाही. नुसतं पाणी ओतत होतो आणि आतून वर आली. जशी आधीपासून होतीच तिथे."

"थोर कलेचं लक्षणच आहे ते," मी म्हणालो. मी तसा प्रबंधच लिहायला घेतला होता.

त्याच दिवशी मी शब्द लिहिले: 'मी माझ्यातून वाहत गेलो, आणि मीच काठ झालो.' एकही यमक नाही. हॅरीने ते वाचून माझ्या पायाला हात लावला. दोघांनाही त्यातलं फारसं कळलं नव्हतं, त्यामुळे एकमेकांविषयीचा आदर वाढला. पुढच्या आठवड्यात एका साप्ताहिकाचा वार्ताहर आला, तेव्हा हॅरीने नदीकडे पाठ करून त्याला सांगितलं, "या चालीला आई-बाप नाहीत. ती माझ्यात जन्मली. याआधी ती पृथ्वीवर नव्हती." ते वाक्य फोटोखाली ठळक अक्षरांत छापून आलं.

दिवाळीनंतर खारवाव्यात हॅरीच्या चुलतभावाचं, काशाचं लग्न निघालं. शेठनी हळदीची तारीख पक्की केली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. खाडीवरून वारा येत होता आणि मागच्या अंगणात मटणाच्या टोपांखाली नुकताच जाळ लागला होता. मंडपात काशा पाटावर बसला होता: नवा कोरा पांढरा झब्बा, आणि वरच्या खिशात सासऱ्याने दिलेला मोबाइल, सगळ्यांना दिसेल असा. गावातला तो पहिला मोबाइल. वाटलेली हळद बाजूला परातीत तयार होती. अजून लागायची होती, कारण अजून नाचच झाला नव्हता.

मंडपाच्या पुढच्या भागात, सगळ्यांत उंच खुर्चीवर बायजाआत्या बसली होती. ही हॅरीच्या वडिलांची बहीण आणि त्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय पान हलत नाही. भटजी उशिरा आला तरी चालतो. बायजाआत्याच्या तारखा बघून आजूबाजूच्या गावांतली लग्नं ठरायची. हातात पानाचा डबा, दोन्ही बाजूंना साथ धरणाऱ्या बायका, आणि चेहऱ्यावर असा भाव की आम्ही सगळे तिच्या कार्यक्रमाला तिकीट काढून आलो आहोत.

"हरशा!" तिने त्याच्या हनुवटीकडे बोट दाखवून हाक मारली. "ही दारी कोन मेला म्हनून ठेवलीस?"

"कलेसाठी आहे आत्या."

"कलेला सांग, काढ म्हनावं. लगीन हाय घरात." मग माझ्याकडे वळून, "यो मास्तर कोन? जेवत नाय क?"

"गीतकार आहेत आत्या. शब्द लिहितात."

"लिवून ठेवावं लागतं? आठवत नाय?" तिने मनापासून कीव केली आणि पान तोंडात टाकलं.

शेठ कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. बेंजो पार्टीचा म्होरक्या, बाळाराम, शेठच्या ओळखीतला. त्याला चालीची कॅसेट आधीच दिलेली. आधी दोन चालती गाणी वाजवायची, मग कुणाला काही न सांगता ती.

पहिलं गाणं झालं. पुरुष नाचले. दुसरं रंजी. "रंजे गो" म्हणायचा अवकाश, बायका पदर खोचून उठल्या, लहान पोरी उठल्या, ज्यांच्या गुडघ्यांविषयी मी मघाशी ऐकलं होतं त्या म्हाताऱ्याही उठल्या. खुर्चीत बसल्याबसल्या बायजाआत्याचेही पाय हलत होते. हॅरी तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिला.

रंजी संपली. बायका धापा टाकत, पदराने वारा घेत खाली बसल्या. शेठनी बाळारामला खूण केली.

हॅरीने माझा हात धरला. "सर, या बसल्यात आता," तो पुटपुटला. "दमल्यात. आता कशाला उठतील?"

"उठतील," मी म्हणालो. माझाही मुक्तछंद पणाला लागला होता.

बेंजोवर ती चाल सुरू झाली. पायरी, पायरी, थांबा. पत्ते कुटणारे पुरुषही थांबले. बेंजोसारख्या चावऱ्या वाद्यावरसुद्धा ती इतकी गोड लागत होती की बाळाराम स्वतःच्याच हाताकडे बघायला लागला. दुसरी ओळ आली आणि बायजाआत्याची मान वर झाली.

"आताच?" ती शेजारणीला म्हणाली.

"हलद तर नाय लागली अजून," शेजारीण म्हणाली.

"पन लावला ना धवला! आता काय?"

"कोनी लावला?"

"लागला ना पन! मदी सोडायचा क? काशाच्या जिवावर उठता?"

मला आगरी सगळी कळत नव्हती, पण हॅरीचा हात माझ्या हातात एकदम घट्ट झाला, ते मला कळलं. खारवाव्यात मानत की एकदा सुरू झालेला धवला मधे सोडायचा नाही. जो लागला तो विधी पुरा करायचाच, नाहीतर नवराबायकोला बाधतो.

बायजाआत्याने पान थुंकलं, कमरेवर हात ठेवला आणि आवाज लावला. बेंजो झाकून गेला. तीच पायरी, तीच पायरी, तोच थांबा, आणि सरळ वाहत जाणारी शेवटची ओळ. शब्द तिचे, हळद उतरवायच्या आंघोळीचे: गंगेचं पाणी, यमुनेचं पाणी, पोराच्या अंगावरून हळद उतरव गो बाय. दोन्ही शेजारणींनी साथ धरली. मग मागच्या रांगेने धरली. मग सगळ्या मंडपाने.

आणि बायका उठल्या. एकूण एक.

"उठल्या!" हॅरी ओरडला. "शेठ, उठल्या! बघा!"

शेठ खुर्चीवर उभे राहून बघत होते. बायका उठल्या खऱ्या, पण नाचायला आत न येता विहिरीकडे चालल्या होत्या. थोड्याच वेळात गात गात, अत्यंत शिस्तीत, हंडे-कळश्या भरून परत आल्या.

"काकी," पाटावरून काशा सगळ्यांत पुढच्या हंडेवालीला म्हणाला, "काकी, हलदच नाय लावली तर काय उतरवता?"

"गप बस. धवला लागलाय."

"काकी, मोबाइल..."

पहिला हंडा त्याच्या डोक्यावर रिकामा झाला. मग दुसरा. मग कळश्यांची रांग लागली. काशाने मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरला, तेव्हा एका मावशीने तोही धुऊन काढला. बाळाराम वाजवायचं थांबवू बघत होता, पण बायजाआत्या त्याच्याकडे अशी बघत होती की त्याचा हात थांबेना. धवला रीतसर, शेवटच्या ओळीपर्यंत पार पडला. नवऱ्या मुलाची हळद उतरली होती. ती लागलीच नव्हती, हा तांत्रिक मुद्दा.

नवऱ्याची आंघोळ झाली म्हणजे हळद संपली, आता पंगत, हे सगळ्या गावाला लहानपणापासून ठाऊक. पुरुष उठून मागच्या अंगणात गेले आणि पानं मांडून बसले. टोपांतलं मटण अजून लाल होतं. आचारी ओरडायला लागला. काशा पाटावर निथळत बसला होता आणि मोबाइल कानाला लावून हलवून बघत होता.

या गोंधळात शेठ शांतपणे आमच्याकडे चालत आले.

"शेठ," हॅरी म्हणाला. चेहरा उतरला होता, तरी त्याने मान ताठ ठेवली. "बायका उठल्या."

"उठल्या."

"बोली एवढीच होती. कशासाठी उठल्या, हे बोलीत नव्हतं."

"नव्हतं," शेठ म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहऱ्यावरचं विहिरीचं पाणी पुसलं. "मी मिक्सर विकलेत हॅरी, शब्द फिरवला नाही कधी. पास झालास. अल्बम तुझा. स्टुडिओ तुझा. मी येणार नाही. फक्त एक सांग, प्रत्येक कॅसेटबरोबर मी हंडा पण द्यायचा का?"

मी हॅरीच्या पाठीवर थाप मारली. जिंकलो होतो आम्ही. हॅरी हसला नाही. कारण चाल कोणाची हे बाळारामला विचारून समोरून बायजाआत्या येत होती, चेहरा उजळलेला.

"हरशा! अरं बाला, काय वाजवून घेतलास तू! सुराला सूर! तिकडची हिराबाय धवलारीण, आयुष्य गेलं तिचा, पन हा उतार नाय जमला तिना. तुना कसा जमला?"

"आत्या, ही चाल माझी आहे."

"तुजी?"

"मी लावलीय. बंगल्यावर. आतून आली."

बायजाआत्याने कंबरेवर हात ठेवून त्याला खालून वर न्याहाळलं. "आतून नाय येनार तर कुटनं येल? तुज्या बापाच्या हलदीला मीच म्हनला. तुज्या काकाच्या म्हनला. तू येवढासा व्हतास, नागडा, माज्या मांडीवर, तुज्यावर पानी घालताना पन म्हनायची. रडायचास तू, म्हनला की गप. माज्या सासूचा हाय तो. तिना तिच्या सासूनं दिलेला. आता तू म्हनतस तुजा, तर तुजा. खा."

ती आशीर्वाद दिल्यासारखी हसली. हॅरीने हातातली पिशवी पाठीमागे घेतली. या चालीला आई-बाप नाहीत, असं छापून आलेलं साप्ताहिक मी त्याच्या पिशवीत पाहिलं होतं. तो गावाला दाखवायला घेऊन आला होता.

बायजाआत्या वळली आणि थांबली.

"पन हरशा, एक सांग मना. ती रंजी कुटनं आनलीस?"

"कुठली?"

"ती रे, मीटर टाक! मी पयल्यांदा ऐकली, तवा इचार केला, हा कनचा धवला? माज्या सासूचा नाय. हिराबायचा नाय. खालच्या गावात कोनाकडं नाय. असा ठेका मी जन्मात ऐकला नाय, जसा कोनाला उभा पन राहवत नाय नि बसवत पन नाय." तिने नापसंतीने मान हलवली, आणि त्यात थोडी असूयाही होती. "ती कोनाची रे?"

हॅरीने खाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, कारण त्या गाण्याचे शब्दही कुठून आले होते, हे मला ठाऊक होतं: बाहेर रिक्षा उभी होती आणि मला घरी जायचं होतं.

"माझी," तो शेवटी म्हणाला. इतक्या हळू, की आत्याला ऐकू गेलं नाही. ती तोवर आचाऱ्याला झापायला निघून गेली होती.

हॅरी शेठकडे गेला. मी मागोमाग.

"शेठ, अल्बम नको."

"आं?"

"ते आत्याचं आहे सगळं. माझ्या आत उतरलो तर तीच बसलीय, पान खात." त्याने दाढीवरून हात फिरवला. "पार्ट टू करतो."

"मी जबरदस्ती करत नाहीये हं," शेठ गडबडून म्हणाले. "सबनीस, तुम्ही साक्षीला आहात. मी आवाजसुद्धा चढवलेला नाही."

"नका चढवू. रंजी माझी आहे शेठ. माझ्या मर्जीने करतो. फक्त या वेळी मनासारखी करू द्या."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. त्यांनी हॅरीला मिठी मारली. मीही मारली. मागे पंगतीतले लोक कच्च्या मटणावरून भांडत होते.

आणि खरंच, पार्ट टू झाला तो झुळूक ऑडिओच्या इतिहासात झाला नव्हता असा. हॅरीने दाढी काढली आणि हवा तेवढा वेळ घेतला. शेठ स्टुडिओत आले, पण कोपऱ्यात हाताची घडी घालून, शिकवणीला बसलेल्या मुलासारखे गप्प बसले. मी रंजीला पहिल्यांदाच एक आयुष्य दिलं. ती रिक्षा चालवते, हे ठरवून टाकलं, तिला एक भूतकाळ दिला. ढोलकीवाल्याला दोन वेळा चहा विचारला गेला. शेवटची ओळ रेकॉर्ड झाली तेव्हा हॅरी म्हणाला, "हे माझं." आम्हा कोणालाच शंका नव्हती, इतकी की शेठनी हळदीची परीक्षाही घेतली नाही.

कॅसेट माघात बाजारात आली. त्या लग्नसराईत सगळीकडे दुसऱ्या एका कंपनीचं, दुसऱ्याच कोणाचं तरी गाणं वाजलं.